दसऱ्यापासून लाल आलंच नाही

नोकरीतून मोकळी झाले त्या आठवड्यात थेरगावच्या आमच्या सोसायटीत एक नवीन बाई राहायला आल्या. शेजारच्या वहिनींनी माझी ओळख करून दिली, "ह्या कॉम्प्युटरमध्ये होत्या." त्या बाईंनी विचारलं, "म्हणजे नक्की काय करत होता?" मी म्हटलं, "रंग देत होते." त्या इतक्या खूश झाल्या की त्याच संध्याकाळी हॉलला कोणता रंग द्यावा हे विचारायला मला घरी घेऊन गेल्या. मीही गेले, आणि फिकट पिस्ता सुचवून, पोहे खाऊन आले.

थट्टा बाजूला ठेवली तर उत्तर खरंच होतं. भोसरीतल्या एका छोट्या कंपनीत मी सॉफ्टवेअरचं काम करत होते. मोबाइलवरची मोठमोठी अ‍ॅप्स करणाऱ्यांतली मी नाही. चाकण, म्हाळुंगे, निघोजे भागातल्या कारखान्यांमध्ये गाड्यांचे सुटे भाग तपासायची यंत्रं असतात, त्या यंत्रांशेजारच्या कॉम्प्युटरवर कामगाराला जी स्क्रीन दिसते, ती आम्ही करत होतो. तिथल्या माणसाचे दोन्ही हात कामात असतात. कानात एअर गनचा आवाज, समोर पुढचा पीस. त्याने स्क्रीनवरचं वाचावं अशी अपेक्षा करणाऱ्याने एकदा तरी त्या जागेवर उभं राहून बघावं. तो वाचत नाही, नुसती नजर टाकतो. हिरवं दिसलं की चांगल्या ट्रेमध्ये, लाल दिसलं की लाल डब्यात. सगळी मदार रंगावर. त्यामुळे मी रंग देत होते, हे मी छाती पुढे काढून सांगते.

आता तुम्ही म्हणाल, रंग द्यायला काय अक्कल लागते? लागते हो. स्क्रीनवरचं बटण, लिहायची चौकट, डावीकडून उजवीकडे भरत जाणारी पट्टी, या गोष्टी आम्ही स्वतः काढत नाही. त्या कॉम्प्युटरच्या मूळ सिस्टीमकडे तयार असतात. आम्ही फक्त मागणी करायची : इथे एक बटण दे, त्याची पार्श्वभूमी लाल ठेव. ही मागणी सिस्टीमपर्यंत पोचवायला आमच्याकडे तयार साहित्याचा एक संच असतो, त्याला टूलकिट म्हणतात. आणि इथेच खरी गंमत आहे. फ्लॅट तुमचा असला तरी इमारतीच्या बाहेरच्या भिंतीचा रंग सोसायटी ठरवते, तसं हे आहे. काही वस्तू तुमचा रंग मुकाट्याने घेतात. काही अर्धाच घेतात. आणि काही तुम्हाला 'हो' म्हणतात आणि आपल्याच रंगात राहतात. चूक झाली असं सांगतसुद्धा नाहीत.

याचा पहिला प्रसाद मला एका सुभेदारसाहेबांनी दिला. लष्करातून निवृत्त होऊन ते देहूरोडला स्थायिक झाले होते आणि आमच्या एका गिऱ्हाइकाकडे मॅनेजर होते. त्यांना स्क्रीनवरची सगळी बटणं लष्करी हिरव्या रंगात हवी होती. मी तसं लिहून दिलं, आणि बटणं राहिली राखाडीच्या राखाडी.

"बटण हुकूम मानत नाही म्हणजे काय?" साहेब कडाडले.

"मानत नाही असंही ते म्हणत नाही साहेब. हो म्हणतं आणि करत नाही."

"मग असलं बटण आपल्याला नको. काढून टाका त्याला!"

राग आला खरा, पण घरी जाताना वाटलं, बरोबर बोलले की. मी तयार बटण काढून टाकलं आणि स्वतःचं बटण काढलं. नुसता चौकोन, आत माझा रंग, वर माझी अक्षरं. वाटतं तितकं हे सोपं नाही. तयार बटण सोडलं की त्याचं सगळं आपल्याला करावं लागतं. दाबल्यावर ते आत गेल्यासारखं दिसलं पाहिजे, बंद असताना फिकट झालं पाहिजे, माउस नसेल तर कीबोर्डनेही चाललं पाहिजे. आणि पार्श्वभूमीचा रंग आपण दिला की अक्षरांचा रंगही आपणच द्यायचा, नाहीतर एखाद्या कॉम्प्युटरवर पांढऱ्यावर पांढरं उमटतं आणि कामगार कोऱ्या चौकटीकडे बघत बसतो. हा नियम मी पुढे हाताखाली आलेल्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी सांगत असे. सुभेदारसाहेबांनी ते हिरवं बटण पुन्हापुन्हा दाबून पाहिलं आणि मला चहा पाजला.

पण ज्या प्रसंगासाठी मी हे लिहायला बसले, तो रफिकभाईंचा.

चाकणजवळ रबरी होज करणारा एक कारखाना होता. इंजिनातलं पाणी वाहून नेणारे ते वाकडे काळे पाइप. कारखान्याचे मालक बाळासाहेब, तिथल्याच गावचे, स्वतःच्या जमिनीवर शेड उभारून पुढे आलेले. आणि शेवटच्या तपासणीच्या जागेवर रफिकभाई. आधी गॅरेजमध्ये मेकॅनिक, मग इथे. केसांना मेंदी, खिशाला कंगवा, आणि तोंड सतत चालू. पाइपाची दोन्ही तोंडं बंद करून आत हवा भरायची, दाब टिकला तर पास, उतरला तर नापास, असं त्यांचं काम. त्यांची स्क्रीन मीच केली होती. त्यात वर 'पास' किंवा 'नापास' असा शब्द होता आणि मधोमध एक रुंद पट्टी. हवा भरेल तशी पट्टी भरायची, आणि शेवटी हिरवी किंवा लाल व्हायची. ती पट्टी रफिकभाईंच्याच हट्टाने आली होती. "ताई, शब्द राहू द्या साहेबांसाठी," ते म्हणाले होते, "मला रंग द्या. मोठा. पाठीमागून चालणाऱ्याला पण दिसला पाहिजे." तेव्हाचे कॉम्प्युटर जुने, साधे. पट्टीने माझा रंग निमूट घेतला. कित्येक वर्षं ती बिनबोभाट चालली.

मग एका दसऱ्याला बाळासाहेबांनी लाइनवरचे सगळे कॉम्प्युटर बदलले. आमच्याकडे नवीन वस्तू दसऱ्याच्या मुहूर्तावर चालू करतात, त्यात काही नवल नाही. त्यांच्या कॉम्प्युटरवाल्याने जुना प्रोग्रॅम पेनड्राइव्हवर घेऊन नव्या मशीनवर चढवला. आम्हाला कळवायची गरज कुणाला वाटली नाही. बाळासाहेबांनी स्वतःच्या हाताने प्रत्येक मॉनिटरला हळदकुंकू लावलं आणि झेंडूचा जाडजूड हार घातला. मालकाने घातलेला हार वाळून आपणहून पडेपर्यंत कुणी काढायचा नाही, ही त्या शेडमधली रीत.

आणि काय सांगू, दसऱ्यापासून रफिकभाईंच्या जागेवर एकही पीस नापास होईना! सगळी पट्टी हिरवीगार. रफिकभाईंनी सुपरवायझर खैरनारांना सांगितलं, खैरनारांनी बाळासाहेबांना सांगितलं. नव्या कॉम्प्युटरचा पायगुण चांगला, मुहूर्त लागला, बरकत आली, असं म्हणून शेडमध्ये पेढेसुद्धा वाटले गेले. मला हे नंतर कळलं तेव्हा मी कपाळावर हात मारून घेतला.

पेढ्यांची चव जिभेवर असतानाच गाड्या बनवणाऱ्या कंपनीने गळके पाइप परत पाठवले. खैरनारांनी कॉम्प्युटरमधली नोंद काढली. तिथे ते पाइप चक्क नापास म्हणून लिहिलेले. म्हणजे यंत्राने नापास सांगितलं आणि माणसाने चांगल्या ट्रेमध्ये टाकलं! रफिकभाई म्हणाले, "दसऱ्यापासून लाल आलंच नाही." कोण ऐकणार? खैरनारांनी आमच्या ऑफिसला फोन केला. माझी सहकारी प्राजक्ता, हुशार मुलगी, तिने भोसरीतूनच त्या कॉम्प्युटरमध्ये लॉगिन केलं, मुद्दाम भोक पाडलेला पाइप लावायला सांगितला, आणि म्हणाली, "इथे तर लाल दिसतंय." खैरनारही आपल्या केबिनमधून असंच लॉगिन करून रोज सकाळी यंत्राची खात्री करायला तो भोकाचा पाइप तपासत. नव्या कॉम्प्युटरने ही सोय दिली होती, त्यामुळे जागेवर जायचे कष्ट वाचले होते. त्यांनाही लाल दिसत होतं. बाहेरून कुणी लॉगिन केलं की जागेवरची स्क्रीन तेवढ्यापुरती बंद होते, त्यामुळे दोघांनी एकाच वेळी एकच पट्टी कधी बघितलीच नाही.

सगळ्यांना लाल दिसतं, रफिकभाईंना दिसत नाही. मग काय, रफिकभाईंचे डोळे गेले, असं ठरलं. शेडमध्ये थट्टा सुरू झाली. येणारा-जाणारा लाल फडकं समोर धरायचा, "भाई, हे दिसलं का?" बाळासाहेबांनी त्यांना चाकणच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. डॉक्टरांनी सांगितलं, डोळे ठणठणीत आहेत, लाल-हिरवं सगळं दिसतंय.

दुसऱ्या दिवशी सकाळीच रफिकभाईंचा मला फोन आला. नेहमीचा फटाका कुठे गेला होता कोण जाणे. "ताई," ते म्हणाले, "डोळे खराब निघाले असते तर बरं झालं असतं. आता म्हणतात, दिसत होतं तर मुद्दाम केलं. सोमवारी घरी बसवणार. रिटायर व्हायला थोडंच राहिलं होतं हो. घरी बसायचं दुःख नाही, पण खोटा ठरून बसायचं?"

माझ्याच ऑफिसातून गेलेल्या 'लाल दिसतंय' या दोन शब्दांवर त्या माणसाचं सगळं येऊन ठेपलं होतं. प्राजक्ता खोटं बोलत नव्हती आणि रफिकभाईही नाही, याची मला खात्री होती. मग पाणी मुरतंय कुठे?

मी प्राजक्ताला म्हटलं, तू काढलेला स्क्रीनचा फोटो दाखव. पट्टी लाल होती, अगदी माझीच लाल. पण मी रंगाकडे बघितलंच नाही, कडा बघितल्या. बटणांच्या कडा चौकोनी, सपाट, जुन्या कॉम्प्युटरसारख्या. नवीन मशीनवर त्या गोलसर, चकचकीत दिसायला हव्या होत्या. नवीन मशीन आणि जुना चेहरा? माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. सुभेदारसाहेबांचं बटणच हे! लांबून लॉगिन करताना कमी माहिती पाठवावी लागावी म्हणून सिस्टीम आपला सगळा नट्टापट्टा उतरवून ठेवते. नट्टापट्टा नसला की पट्टी माझा रंग मानते. जागेवरच्या स्क्रीनवर मात्र सिस्टीम पूर्ण सजलेली असते, आणि सजलेल्या सिस्टीमची तयार पट्टी एकच रंग ओळखते, स्वतःचा. तो हिरवा. पाइप गळका असो की चांगला, पट्टी भरली की हिरवी.

"म्हणजे लॉगिन करून बघितलं की चूक गायब?" प्राजक्ताने डोळे मोठे केले.

"हो. आणि लॉगिन बंद केलं की हजर. चल, पर्स उचल."

मोशीची गर्दी, चाकणचा चौक, कंटेनरांच्या रांगा, हे सगळं पार करताना मी मनातल्या मनात स्वतःशी भांडत होते. अंदाज चुकला तर? तर सोमवारी रफिकभाई घरी, आणि मीच त्यांच्या नावावर शेवटचा शिक्का मारलेला.

बाळासाहेब शेडच्या दारातच भेटले. "म्याडम, तुमी कशापायी तरास घेतला? फोनवर सांगितलं व्हतं की, तुमचा प्रोग्राम चांगला हाय."

"तुम्ही माझ्याबरोबर जागेवर चला," मी म्हटलं. "खैरनारसाहेब, तुम्हीपण. आणि कृपा करून कुणी केबिनमधून लॉगिन करू नका."

रफिकभाई जागेवर उभे होते. मला बघून नुसती मान हलवली. खिशाला कंगवा नव्हता. मॉनिटरवर तो झेंडूचा हार, आता तपकिरी पडलेला, दोन्ही कोपऱ्यांतून खाली झोळीसारखा लोंबत होता.

"भाई, भोकाचा पाइप लावा."

त्यांनी पाइप लावला, दोन्ही तोंडं बंद केली, पेडल दाबलं. हवा भरायला लागली. पट्टी सरकत गेली, भरली, आणि हिरवीगार होऊन थांबली.

खैरनार पुढे वाकले, मागे झाले, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला.

"आरं," बाळासाहेब म्हणाले, "ह्ये तर हिरवं हाय!"

"पण नोंद बघा, नापासच झाली असणार," खैरनार पुटपुटले.

"नोंद कशाला," मी म्हटलं, आणि हाराची झोळी हाताने वर उचलली. वाळक्या पाकळ्या कीबोर्डवर सांडल्या. हाराखाली, स्क्रीनच्या वरच्या कडेला, माझा शब्द होता : नापास. दसऱ्यापासून तो तिथेच होता, बिचारा.

बाळासाहेबांनी हाराकडे बघितलं, मग माझ्याकडे. चेहरा पार उतरला होता. "ह्यो हार मी घातला व्हता," ते हळूच म्हणाले.

मी त्यांना सगळं समजावून सांगितलं, सोसायटीच्या भिंतीच्या उदाहरणासकट. हाराचा दोष नव्हता, शब्द उघडा असता तरी रफिकभाईंनी बघायचा तो रंगच होता, आणि तोच खोटं बोलत होता. बाळासाहेबांना कळलं. शिकलेले फार नव्हते, पण माणूस समजूतदार. त्यांनी तिथेच खैरनारांना सांगितलं, दसऱ्यापासूनचा सगळा माल थांबवा, बाहेर गेलेला परत मागवा, पुन्हा तपासायचा. नुकसान मोठं होतं. त्या माणसाने त्याबद्दल माझ्यापाशी एक शब्द काढला नाही.

मग मी लॅपटॉप उघडून तिथेच बसले. प्राजक्ताला शेजारी बसवलं. सिस्टीमची तयार पट्टी काढून टाकली आणि तिच्या जागी माझी पट्टी काढली : एक लांब चौकोन, हवा भरेल तसा भरणारा, पार्श्वभूमी माझी, अक्षरं माझी. शब्दही वरून उचलून पट्टीच्याच पोटात टाकला, लालवर पांढरा, ठसठशीत. प्राजक्ताने एकदा विचारलं, "अक्षरांचा रंग दिला का?" मी म्हटलं, "शाब्बास." कारखान्याच्या कँटीनची जेवणाची घंटा होईपर्यंत काम झालं होतं. मी आयुष्यात बरंच काही लिहिलं, त्यातलं बरंच अवघड होतं, पण तो चौकोन माझा सगळ्यात लाडका.

प्रोग्रॅम चढवला. पंधरावीस माणसं जेवण सोडून भोवती जमली होती. लाल फडकी नाचवणारेही त्यात होते, पण आज खाली मान घालून. बाळासाहेबांनी स्वतः हार काढला, कपाळाला लावला आणि बाजूला ठेवला. म्हणाले, "चला भाई, बसा जागेवर. लाइन चालू करा."

रफिकभाई हलले नाहीत.

"साहेब," ते म्हणाले, "पहिला पीस तुम्ही लावा."

मला वाटलं, आता काही खरं नाही. मालकाला असं कुणी सांगतं का? बाळासाहेब क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिले. मग पांढऱ्या शर्टाच्या बाह्या वर सारून पुढे आले. भोकाचा पाइप हातात घेतला. त्यांना तो नीट बसवता येईना, वर्षानुवर्षं हात लावला नव्हता. रफिकभाईंनी मदत केली नाही. अखेर पाइप बसला, पेडल दाबलं, पट्टी सरकत गेली, भरली, आणि लालभडक झाली. मागच्या माणसालाही दिसेल अशी.

रफिकभाईंनी पट्टीकडे बघितलंच नाही. ते बाळासाहेबांच्या तोंडाकडे बघत होते.

"दिसलं का, साहेब?"

"दिसलं, भाई," बाळासाहेब म्हणाले. "दिसलं."

रफिकभाईंनी तो पाइप काढून लाल डब्यात टाकला, आणि जागेवर जाऊन बसले.